दवंडीबाईंचं शेपटीवालं स्पॅनिश

दवंडीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनसुद्धा बघत नाहीत, इतकं हे टोपणनाव त्यांच्या अंगवळणी पडलंय. नाव मिळालं इस्पितळात. तिथे त्या तीस वर्षं आया होत्या आणि तीस वर्षांत एकाही रोग्याला त्यांनी न सांगता हात लावला नाही. "आता मी तुमची मान उचलतेय हं. आता उशी सरकवतेय. आता पाणी लावणार, गार लागेल, शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच देऊन घ्या." दिवसभर हा जप. शुद्धीवर नसलेल्या माणसालासुद्धा त्या सगळं सांगायच्या. एकदा एक नवा डॉक्टर हसला आणि म्हणाला, "बाई, त्याला ऐकू येत नाहीये." दवंडीबाई म्हणाल्या, "मला येतंय ना? मी काय करतेय ते मला तरी कळायला नको?"

घरीही तेच. नवरा कुलपं दुरुस्त करणारा, मुळात अबोल. "आता मी दिवा घालवतेय हं," असं त्या म्हणाल्या की तो पांघरुणातून म्हणायचा, "ठराव मंजूर." संसार असा मजेत चालला होता.

इस्पितळातून निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील, असं ज्यांना वाटलं त्यांनी बाईंना ओळखलंच नव्हतं. आठ दिवसांत हाताला काम नाही म्हणून त्यांनी नवऱ्याची सगळी कुलपं पुसून रांगेत मांडली, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची याचा बट्ट्याबोळ केला, आणि मग नवऱ्यानेच हात जोडून सांगितलं, "बाई गं, कुठेतरी कामाला जा." म्हणून त्या लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसांचं करायला लागल्या. आणि तशाच एका घरी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांची स्पॅनिशशी गाठ पडली.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. घरात दोनच माणसं. एक म्हातारी आई आणि एक मुलगा, जो पुलांचे नकाशे काढायचा. मुलगा चाळिशीचा, कायम घाईत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. आजी पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन समुद्रापलीकडून इथे आलेल्या. इथली भाषा त्या इतकी झकास शिकल्या होत्या की भाजीवाल्याशी हुज्जत घालून वर चार मिरच्या जास्त घेऊन यायच्या. पण गेल्या वर्षी झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि इथली भाषा पाटी पुसावी तशी पुसली गेली. राहिली ती फक्त लहानपणची स्पॅनिश. डावा हात मात्र शाबूत होता. किती शाबूत, ते दवंडीबाईंना पहिल्याच दिवशी कळलं.

"आता मी तुम्हाला उठवतेय हं आजी," असं नेहमीप्रमाणे सांगून त्यांनी खांद्याखाली हात घातला मात्र, फाडकन एक बसली. कानशिलात. मुलगा दारात उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला.

"मावशी, माफ करा. ती आधी अशी नव्हती हो."

"अहो साहेब, मारणारच त्या," दवंडीबाई गाल चोळत म्हणाल्या. "कुणी अनोळखी बाई समोर येते, तोंडाने काहीतरी पुटपुटते आणि अंगावर झेप घेते. मी असते तर चावले असते. तुम्हाला त्यांची भाषा येते ना? मला शिकवा की."

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. त्याला समजायचं सगळं, पण बोलता येत नव्हतं. लहानपणी आई स्पॅनिशमधून विचारायची आणि हा इथल्या भाषेत उत्तर द्यायचा. शाळेतली पोरं हसायची म्हणून त्याने ती सवय लावून घेतली होती. आईनेही कधी आग्रह धरला नाही. आता आईला उत्तर द्यायचं तर तोंडात शब्दच नव्हते.

आणि मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं. दोन महिन्यांत तीन आया पळून गेल्या होत्या. तीन आठवडे आजींनी अंघोळ करू दिली नव्हती. ओल्या फडक्याने तोंड-हात पुसून घ्यायच्या, बस्स. पाठीखालची कातडी लाल व्हायला लागली होती, आणि ती फुटली तर भारी पडेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी त्याने शुश्रूषागृहात खाट सांगून ठेवली होती. बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, तिथल्या मेट्रनबाई गाडी घेऊन येणार होत्या. "तोवर तिने अंघोळ करून घेतली तर मी खाट रद्द करीन," तो म्हणाला. "मला काय हौस आहे का तिला पाठवायची?"

दवंडीबाईंनी अशी शुश्रूषागृहं पाहिली होती. वाईट नसतात. स्वच्छ असतात, जेवण वेळेवर असतं. पण साठ माणसं आणि सहा आया. सांगत बसायला वेळ कुणाला? दोघी धरतात, तिसरी पाणी ओतते, पाच मिनिटांत काम फत्ते. रोगी ओरडला तर ओरडला. हे सगळं या आजींबरोबर होणार, ते काही दवंडीबाईंना पटेना. एका दिवसाची ओळख, तीही थपडेची! पण आता त्यांनी मनावर घेतलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या इमारतीतल्या कप्तानांचं दार ठोठावलं. कप्तान कधीही कप्तान नव्हते. अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते आणि त्यातली निम्मी वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्या खलाशांबरोबर काढली होती. त्या भाषेतल्या शिव्या त्यांना उत्तम यायच्या, पण बाकीचंही चांगलंच यायचं. बायको गेल्यापासून त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दारात विद्यार्थिनी बघून गडी एकदम खूश झाला.

"काका, 'मी तुम्हाला उठवणार आहे' याला काय म्हणतात?"

"बोय आ लेबांतार्ला."

"यात 'तुम्हाला' कुठे गेलं?"

"शेवटी बघ. 'लेबांतार' म्हणजे उठवणं. त्याच्या शेपटीला 'ला' चिकटवला. तो 'ला' म्हणजे तुझ्या आजी. आजोबा असते तर 'लो' लावला असता."

"अगं बाई, 'ला' तर आपलाच की! तिला, मला, आजीला."

"नुसता तसा ऐकू येतो. आपला 'ला' माणसाच्या मागे लागतो, त्यांचा कामाच्या मागे. आणि त्यांचा 'ला' म्हणजे ते माणूसच. एकदा चिकटवला की चिकटवला. लिहिताना मध्ये फट ठेवायची नाही, बोलताना मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"पुढे आणला तर?"

"चालतो ना. 'ला बोय आ लेबांतार' असंही म्हणतात आणि तेही अगदी बरोबर. पण मधेच कुठेतरी लोंबकळत ठेवायचा नाही. एकतर सगळ्यांच्या पुढे, नाहीतर शेपटीला."

दवंडीबाईंनी क्षणभर विचार केला आणि शेपटी निवडली. आधी कामाचं नाव घ्यायचं आणि मग माणसाचं, हे त्यांना सोयीचं वाटलं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि आयुष्यभर केलेली कामं एकेक करून विचारायला लागल्या. बसवणं काय? सेन्तार. मग सेन्तार्ला. कपडे घालणं? बेस्तिर. बेस्तिर्ला. केस विंचरणं पेइनार्ला, पांघरूण घालणं तापार्ला. "तापार्ला म्हटल्यावर ताप नाही ना येणार?" असं विचारून झालं. अंग कोरडं करणं सेकार्ला. "हे बरंय, शेकल्यासारखं वाटतं," असं म्हणून झालं. कप्तानांचा चहा दोनदा निवला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पलंगाजवळ उभ्या राहिल्या, हात मागे बांधले, आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या खणखणीत म्हणाल्या, "आजी, बोय आ लेबांतार्ला."

आजींनी डोळे उघडले. मग डावा हात वर केला. बाईंनी गाल सांभाळला, पण तो हात मारायला आला नव्हता. आजींनी तो त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि उठायला जोर लावला. दवंडीबाईंना इतका आनंद झाला की त्या दिवसभर बोय आ, बोय आ करत राहिल्या. खिडकी उघडायची झाली तरी आधी वहीत बघायच्या.

चौथ्या दिवशी फजिती झाली. कप्तानांना विचारायचं राहून गेलं होतं आणि सूप तर समोर वाफाळत होतं. बाईंनी स्वतःच अक्कल चालवली. 'कोमेर' म्हणजे खाणं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग काय, लावली शेपटी. चमचा पुढे करून, अगदी प्रेमाने, त्या म्हणाल्या, "बोय आ कोमेर्ला."

आजींनी चमच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा चमच्याकडे पाहिलं. आणि हसायला लागल्या. तोंड अर्धंच हलायचं, पण त्या अर्ध्या तोंडाने त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आतल्या खोलीत नकाशा गुंडाळत असलेला मुलगा धावत आला, आईने पुन्हा पुन्हा सांगितलं ते ऐकलं, आणि तोही भिंतीला टेकून हसायला लागला. "मावशी," तो म्हणाला, "तुम्ही आत्ता म्हणालात की मी तुम्हाला खाणार आहे!"

"अगो बाई! आणि त्या पळाल्या नाहीत?"

"पळतेय कुठे? ती म्हणतेय, मी म्हातारी आहे, चिवट लागेन."

त्या दिवसापासून आजी सूप बघितलं की स्वतःच "कोमेर्ला?" असं विचारायच्या आणि आपला दंड पुढे करायच्या. दवंडीबाई दंडाचा खोटा लचका तोडायच्या. कप्तानांनी नंतर 'दार्ले दे कोमेर' असं भरवण्याचं बरोबर वाक्य शिकवलं, पण ते त्या घरात कधी चाललं नाही.

तर उठणं जमलं, कपडे जमले, जेवण तर खेळच झाला. अंघोळ मात्र जमेना. "बोय आ बान्यार्ला," असं म्हणून बाईंनी चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारापर्यंत नेली की आजींचा डावा हात चौकटीला जाऊन बसायचा. "नो!" हा 'नो' कळायला कप्तानांची गरज नव्हती. बाईंनी गरम पाण्याची वाफ दाखवली, साबणाचा वास दिला, हळू आवाजात सांगून पाहिलं, गाऊन पाहिलं. नो म्हणजे नो. जबरदस्ती त्यांना करायची नव्हती. ती करायची तर मेट्रनबाई काय वाईट होत्या? एकेक दिवस सरत गेला आणि शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी दुपारी जेवताना सूप दवंडीबाईंच्या बाहीवर सांडलं. आजींनी झटकन आपल्या मांडीवरचा रुमाल उचलला आणि बाही पुसायला हात पुढे केला. "असू दे, असू दे, मी करते," असं म्हणून बाईंनी हात मागे घेतला, जशी कुठलीही कामाची बाई घेईल तसा. आजींचा हात रुमालासकट मांडीवर परत गेला. चेहऱ्यावरचं हसूही गेलं. त्यानंतर त्यांनी एक घाससुद्धा घेतला नाही.

बाईंना कळेना काय बिघडलं. आजींना निजवून त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि वही उघडली. अंघोळीसाठी आणखी एखादं गोड वाक्य सापडतंय का बघावं म्हणून. चौतीस ओळी झाल्या होत्या. उठवायचं आजींना. बसवायचं आजींना. पुसायचं, झाकायचं, वळवायचं, विंचरायचं, सगळं आजींना. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच 'ला'. चौतीस कामं, आणि एकातही आजी काही करत नव्हत्या. त्यांनी फक्त शेपटीला लटकायचं होतं. आणि ज्या एका कामाला आज त्यांचा हात स्वतःहून पुढे आला, तेही मी हिसकावून घेतलं!

"कशी गं मी बावळट," दवंडीबाई मोठ्याने म्हणाल्या. ओट्यावरच्या पातेल्यांनाच, कारण दुसरं कुणी नव्हतं. तीस वर्षं लोकांना सांगून सांगून हात लावला याचा त्यांना केवढा अभिमान होता. पण कुणाला, 'तुम्ही माझं काही करता का?' असं एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी त्या कप्तानांकडे गेल्या. "काका, 'मला' म्हणजे काय?"

"मे."

"तोही शेपटीलाच?"

"तोही शेपटीलाच. काय करवून घ्यायचंय?"

बाईंनी सांगितलं. कप्तानांनी कप खाली ठेवला. "वेडी का खुळी तू? नखशिखांत भिजवतील त्या तुला."

"भिजवू देत की. वाक्य सांगा."

शनिवारी सकाळी साडेनऊला दवंडीबाईंनी खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी आणली. आजींनी सवयीने चौकट पकडली. मुलगा खाली रस्त्यावर मेट्रनबाईंच्या गाडीची वाट बघत फेऱ्या घालत होता, कारण वर बसणं त्याला जमत नव्हतं. बाईंनी आज खुर्ची आत ढकललीच नाही. त्या स्वतः आत गेल्या आणि अंगातल्या कपड्यांनिशी, चष्म्यासकट, अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गरम पाणी सुरू केलं, फवाऱ्याची नळी आजींच्या दिशेने धरली आणि विचारलं, "आजी, किएरे मोहार्मे?" मला भिजवता का?

आजींनी चौकट सोडली. नळी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. आणि मग जो फवारा सोडला! चष्मा, नाक, तोंड, कान, काही शिल्लक ठेवलं नाही. "अहो आजी, अहो थांबा!" करत दवंडीबाई खोकल्या, हसल्या, आंधळ्यासारख्या साबण शोधायला लागल्या. आजी तर आता कामाला लागल्या होत्या. "काबेसा!" त्यांनी हुकूम सोडला. बाईंनी डोकं पुढे वाकवलं. आजींनी नळी मांडीत धरली आणि डाव्या हाताने बाईंचं डोकं खसाखसा चोळलं. नीट, कानामागेसुद्धा. तोंडाने सारखं काहीतरी बडबडत होत्या. बाईंना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण लहान पोराला न्हाऊ घालताना जगातली कुठलीही आई तसंच बडबडते, एवढं कळत होतं.

बऱ्याच वेळाने दवंडीबाईंनी चेहऱ्यावरचा फेस निपटला आणि हळूच विचारलं, "आओरा, बोय आ मोहार्ला?" आता मी तुम्हाला?

आजींनी विचार केला. मग आपला डावा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला.

अंघोळ पाऊण तास चालली. नळी आजींनी शेवटपर्यंत सोडली नाही, पाणी स्वतःच घेतलं. बाईंनी फक्त साबण लावला आणि पाठीखालचा लाल भाग जपून धुतला. कातडी फुटली नव्हती. बाईंनी तिथेच सुटकेचा निःश्वास टाकला.

अकराला पाच कमी असताना दार उघडलं. मुलगा आणि मेट्रनबाई आत आल्या, आणि दोघंही चपला-बुटांसकट पाण्यात उभी राहिली. समोर खुर्चीत आजी. अंगात कोरडा गाऊन, ओले पांढरे केस मागे वळवलेले, गाल गुलाबी. आणि शेजारी दवंडीबाई, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, पायाखाली तळं.

"हे काय? नळ फुटला का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मुलाचं लक्षच नव्हतं. तो आईच्या केसांकडे बघत होता. "मावशी, आईने अंघोळ केली?"

"दोघींनी केली, साहेब. आधी माझी झाली."

मेट्रनबाई चांगल्या होत्या, पण त्यांना वेळ कमी होता. "अरे वा, छानच झालं. एक दिवस केली म्हणजे रोज करतील असं नसतं हं. माझ्या हाताखालून अशा शेकडो गेल्यात. गाडी खाली थांबलीये, निघू या का?"

मुलगा आईसमोर गुडघ्यावर बसला. ओठ ओले केले, आणि दवंडीबाई शपथेवर सांगतात, त्याने आयुष्यात पहिल्यांदा आईशी तिच्या भाषेत तोंड उघडलं. "मामा," तो म्हणाला, "किएरेस..." तुला हवंय का, एवढंच म्हणून तो पुढे अडकला. कानापर्यंत लाल झाला.

आजींनी त्याच्या गालाला हात लावला, अगदी खूश होऊन. पण नजर मात्र त्याच्या खांद्यावरून मागे होती. मागे दवंडीबाईंना हुडहुडी भरली होती. आजींनी भुवया आवळल्या आणि मेट्रनबाईंनी दचकावं इतक्या जोरात सुनावलं, "प्रिमेरो आय के सेकार्ला!"

दवंडीबाईंच्या कानाने 'सेकार्ला' बरोबर पकडला. पुसायचंय. पण आजी तर कोरड्या होत्या. मग कुणाला पुसायचंय म्हणून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांना रडू कोसळलं. तीस वर्षांत त्यांनी किती लोकांची अंगं पुसली असतील याची गणतीच नाही, पण त्यांना कुणी पुसायला हवं असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आजींनी खुर्चीच्या दांडीवरचा टॉवेल ओढला, बाईंची बाही धरून त्यांना खाली बसवलं आणि तोंड पुसायला सुरुवात केली. पाणी पुसलं की नवीन येत होतं, त्यामुळे काम लांबत चाललं होतं.

"काय म्हणाल्या त्या?" मेट्रनबाईंनी घड्याळ बघत विचारलं. "सांगा ना त्यांना, उशीर होतोय."

मुलगा उठला. डोळे पुसले, आणि त्या घाईत आणखी एक शाईचा डाग गालावर उमटवून घेतला.

"गाडी परत न्या," तो म्हणाला. "आईला यायला जमणार नाही. ती कामात आहे."

आणि ते खरंच होतं. आजींनी दवंडीबाईंचा दुसरा कान पुसायला घेतला होता.